रणगाड्याच्या मॉडेलला कोणता पट्टा लावावा?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याकडे दोन तऱ्हेचे निरोप आले. नेहमीच्या श्रोत्यांपैकी काहींनी विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे रणगाडे कुठून निघाले?" आणि मॉडेल बनवणाऱ्या मंडळींनी कळवलं, "तत्त्वज्ञान राहू द्या, धातूचा पट्टा घ्यावा की प्लास्टिकचा, तेवढं सांगा." दोन्ही मंडळी समोर बसली आहेत असं धरून आपण बोलू. पहिल्यांना वस्तू ठाऊक नाही, दुसऱ्यांना ती इतकी ठाऊक आहे की मूळ प्रश्न काय होता याचा विसर पडतो. आमचाही पडला होता. ती हकिगत पुढे येईलच.

आधी वस्तू समजून घेऊ. प्लास्टिकच्या सुट्या भागांची पेटी मिळते. भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या रणगाड्याची लहान प्रतिकृती तयार होते. या छंदातलं सर्वांत रुळलेलं प्रमाण १/३५ आहे, म्हणजे खऱ्यातले ३५ सेंटिमीटर इथे १ सेंटिमीटर होतात. रणगाड्याच्या दोन्ही बाजूंना चाकांभोवती फिरणारा लोखंडी कड्यांचा पट्टा असतो. आपल्याकडे पोकलेनवाले त्याला सरळ 'चेन' म्हणतात. असा पट्टा पेटीत दिलेला असतोच. तरीही पुष्कळ लोक तो बाजूला ठेवतात आणि दुसऱ्या कंपनीचा, वेगळा विकत मिळणारा पट्टा आणून लावतात. त्याला म्हणायचं आफ्टरमार्केट पट्टा. चांगल्या धातूच्या संचाची किंमत मूळ पेटीच्या जवळपास जाते, आणि परदेशातून मागवताना शुल्क भरावं लागलं तर कधी तिच्या पुढेही जाते. पेन्शनीत बसणाऱ्या माणसाने हा खर्च का करावा, हा साधा प्रश्न आहे.

न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. पहिले चार असे: प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन. वर्गात हा क्रम शिकवताना आम्ही मुलांना विचारायचो, संशयाच्या मागोमाग प्रयोजन का बरं आलं असावं? आम्ही आमच्यापुरता लावलेला अर्थ असा: शंका आली की लगेच उत्तराच्या मागे धावू नये, ते उत्तर कशासाठी हवं आहे ते आधी बघावं. पट्ट्याची निवड याच जागी चुकते.

पेटीतला पट्टा असा का असतो?

जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते मोटरवर चालणारं होतं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशोबाने त्याचा आकार ठरला. मग मोजून बघितलं तर प्रमाण १/३५च्या आसपास भरलं. आज जगभर जे प्रमाण प्रमाण म्हणून मानतात, ते असं बॅटरीच्या मापातून निघालेलं आहे.

आता मोटरवर चालणाऱ्या खेळण्याला पट्टा कसा हवा? लवचीक हवा, अखंड हवा, ओढ बसली तरी तुटता कामा नये. म्हणून रबरासारख्या व्हिनाइलची एकसंध पट्टी करायची, तिची दोन टोकं जोडायची आणि गरम केलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून पक्की करायची. त्या कामाला ती उत्तम होती. पुढे मोटर गेली, मॉडेल काचेच्या कपाटात जाऊन बसलं, पट्टी मात्र पेटीत राहिली. प्रश्न बदलला आणि उत्तर जुनंच राहिलं. म्हणून व्हिनाइलच्या पट्टीला सरसकट नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. नातवंडांना मॉडेल फरशीवर चालवायचं असेल तर आजही तिच्यासारखी सोय नाही.

कपाटातल्या मॉडेलला मात्र तिच्या अडचणी आहेत. ती ताणलेली राहते आणि चाकाभोवती गोल वळते. खरा पट्टा कड्याकड्यांनी, कोन करत वळतो. पट्टी वाकवली की तिच्यावरचा रंग सुटतो. आणखी एक गोष्ट नव्या मंडळींना माहीत नसते. काही जुन्या व्हिनाइलमध्ये ते मऊ ठेवण्यासाठी घातलेलं रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि जिथे टेकतं तिथली प्लास्टिकची चाकं चिकट होऊन विरघळू लागतात. बरीच वर्षं बंद असलेली पेटी उघडली आणि पट्टी चाकांवर पडलेली असली, तर आधी चाकं तपासा.

बाजारात काय काय मिळतं

पहिला प्रकार, काही सलग तुकडे आणि काही सुट्या कड्या. सरळ भागासाठी लांब तुकडा, वळणासाठी एकेक कडी. हे प्लास्टिक साध्या गोंदाने चिकटतं. वरच्या तुकड्याला झोळ आधीच दिलेला असतो. नव्या माणसाने इथून सुरुवात करावी. बऱ्याच नव्या पेट्यांत हाच प्रकार येतो, तेव्हा बाहेरून काही आणण्याची गरजही पडत नाही.

दुसरा, सगळ्या सुट्या प्लास्टिकच्या कड्या, पण न हलणाऱ्या. एकेक चिकटवत पट्टी करायची आणि गोंद पुरता वाळायच्या आत ती चाकांवर बसवून आकार द्यायचा. या कामाला घाई चालत नाही आणि उशीरही चालत नाही.

तिसरा, हलणाऱ्या प्लास्टिकच्या कड्या. जपानच्या मोडेलकास्टेनचं नाव यात जुन्या मंडळींना ठाऊक आहे. कडीत कडी अडकवायची आणि बारीक खिळीच्या टोकाला गोंदाचा इवलासा थेंब लावायचा. थेंब जरा मोठा झाला की सांधा जाम होतो.

चौथा, मिश्रधातूच्या ओतीव कड्या आणि त्यांतून ओवायची तार. हंगेरीची फ्रिउलमोडेल आणि रशियाची मास्टर क्लब ही यातली प्रसिद्ध नावं. ओतताना काही कड्यांची भोकं बुजलेली असतात, ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या ड्रिलने, बोटांत धरून, मोकळी करावी लागतात. कडीच्या कडेला राहिलेला धातू घासावा लागतो. टायगर रणगाड्याला एका बाजूला ९६ कड्या आहेत, दोन्ही बाजूंच्या मिळून १९२. एकेका कडीला दोन मिनिटं धरली तरी साडेसहा तासांच्या आसपास नुसतं घासणंच होतं. आमच्या घरी याला 'सरांची जपमाळ' म्हणतात.

पाचवा आणि नवा प्रकार, थ्री-डी प्रिंट केलेल्या रेझिनच्या कड्या. बारकावे अप्रतिम असतात. काही संचांत तार लागत नाही, कडी दाबली की कडीत बसते. पण हे रेझिन ठिसूळ असतं, जोर लावला की टचकन तुटतं. कड्या मोजून दिलेल्या असतील तर चार तुटल्या की काम अडतं. जादा कड्या किती दिल्या आहेत ते घेतानाच बघावं.

झोळ धातूने पडतो का?

आता गाभ्याकडे येऊ. धातूचे पट्टे घेणारे कारण सांगतात ते एकच: "झोळ खरा पडतो." दोन चाकांच्या मधे पट्टा स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो, तो झोळ. मॉडेलच्या दुनियेत याचं फार कौतुक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण कारण समजून घ्यायला हवं.

असं बघा. दोन खुंट्यांना बांधलेली साखळी सोन्याची असो की ॲल्युमिनियमची, लांबी तीच आणि खुंट्यांमधलं अंतर तेच असेल, तर ती एकाच वक्रात लोंबते. वक्राचा आकार वजनावर ठरत नाही, जादा लांबीवर ठरतो. मग प्लास्टिकची साखळी नीट का लोंबत नाही? कारण तिच्या सांध्यांतलं घर्षण. कडी इतकी हलकी असते की ते घर्षण तिला अधांतरी धरून ठेवतं. या मिश्रधातूत मुख्यतः कथिल असतं. ते पाण्याच्या सातपटीहून जड, आणि मॉडेलचं पॉलिस्टायरीन जेमतेम पाण्याइतकं. धातूची कडी वजनाने घर्षणावर मात करते, एवढंच धातूचं काम. झोळ किती पडणार हे ठरतं तुम्ही किती कड्या ओवल्या त्यावर.

हे किती नाजूक आहे ते आकड्यांत बघू. मधे ६० मिलिमीटरचं मोकळं अंतर आहे आणि पट्टा त्याहून फक्त १ मिलिमीटर लांब आहे. झोळ किती? जवळपास पावणेपाच मिलिमीटर. खऱ्या मापात सोळा-सतरा सेंटिमीटर! टायगरची एक कडी खऱ्यात १३० मिलिमीटर, १/३५त सुमारे ३.७ मिलिमीटर. एकच कडी जास्त झाली तर केवढा फरक पडेल, तुम्हीच हिशोब करा. मधे आधाराची छोटी चाकं असतील तर हा झोळ वाटला जातो आणि कमी दिसतो. म्हणून आम्ही सांगतो, पैसे धातूवर घालण्याआधी कड्या मोजायला शिका.

दुसरी गोष्ट, ओढ कोणत्या टोकाची आहे. टायगर, पँझर ४, शर्मन यांचं ओढणारं दातेरी चाक पुढे असतं. रणगाडा पुढे चालला की ते चाक वरचा पट्टा मागून पुढे खेचतं, म्हणजे वरची बाजू ताणली जाते. टी-३४ आणि सेंच्युरियन यांचं दातेरी चाक मागे असतं. ते जमिनीवरचा पट्टा खेचतं, आणि वरची बाजू चालतानाही सैल राहते. म्हणून धूळ उडवत धावणारा टायगर दाखवायचा आणि त्याच्या वरच्या पट्ट्याला भला मोठा झोळ द्यायचा, यात विसंगती आहे. उभ्या टायगरला मात्र तो शोभतो.

तिसरी गोष्ट, सगळे पट्टे एका जातीचे नसतात. जर्मन आणि रशियन पट्ट्यांत लोखंडाच्या कडीत लोखंडाची पिन सुटी फिरते. शर्मनच्या पट्ट्यात पिनीभोवती रबर भरलेलं असतं आणि ते पट्ट्याला आतल्या बाजूला वळवू बघतं. त्याला 'लाइव्ह ट्रॅक' म्हणतात. तो बऱ्यापैकी ताठ राहतो. शर्मनला महागडा धातूचा पट्टा लावून टी-३४सारखा लोंबता झोळ देणारे आम्ही पाहिले आहेत. पैसेही गेले आणि खरेपणाही गेला. शर्मनला चांगली व्हिनाइलची पट्टी पुष्कळदा पुरते.

कोणता पट्टा, कोणत्या काळचा

पेटीवर रणगाड्याचं नाव असतं, पण एका नावाखाली अनेक पट्टे होऊन गेले. शर्मनला सपाट रबरी ठोकळ्यांचे, उलट्या व्हीच्या आकाराच्या उठावाचे रबरी, पोलादी, असे अनेक पट्टे होते. एका बाजूच्या कड्या बहुतेक शर्मनना ७९, पण लांब बांध्याच्या एम४ए४ला ८३. पँझर ४चा पट्टा सुरुवातीला अरुंद होता, पुढे ४० सेंटिमीटरचा झाला, कड्या ९९. टायगरला लढाईसाठी ७२५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा, आणि रेल्वे वाघिणीवर चढवताना बाहेरची चाकं काढून लावायचा ५२० मिलिमीटरचा वेगळा. टी-३४च्या ५०० मिलिमीटर रुंद पट्ट्यात एक कडी दाताची, एक बिनदाताची, अशी ३६ आणि ३६ मिळून ७२. त्याचं मागचं चाक हे दात पकडूनच पट्टा खेचतं. ओवताना क्रम चुकला तर पट्टा चाकात बसतच नाही. इथे वस्तूच तुमची चूक पकडते. बाकी ठिकाणी ती गप्प राहते.

मग खरं कसं कळणार? प्रमाणं तीच जुनी. छायाचित्र हे आपलं प्रत्यक्ष, पण ते त्या गाडीपुरतं आणि त्या दिवसापुरतं. कडीची लांबी गुणिले कड्यांची संख्या हे अनुमान. टायगरचं करून बघा: ९६ गुणिले १३० मिलिमीटर म्हणजे साधारण साडेबारा मीटर, त्याला ३५ने भागा, सुमारे ३५.७ सेंटिमीटर. विकत घेतलेला पट्टा टेबलावर सरळ पसरून मोजा. एवढा भरला नाही तर पेटीची चाकं आणि हा पट्टा यांचं जमणार नाही, हे रंगवण्याआधीच कळतं. आणि तिसरं प्रमाण शब्द, म्हणजे जाणत्याचं सांगणं. त्याचीच आता हकिगत सांगतो.

सेंच्युरियनची हकिगत

आम्ही भारतीय सेनेचा सेंच्युरियन करायला घेतला होता. हा ब्रिटिश रणगाडा. १९६५मध्ये सियालकोट क्षेत्रात आणि १९७१मध्ये बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंट याच रणगाड्यांवर लढली. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात खरा सेंच्युरियन उभा आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नगरचेच, ई.एम.ई.मधून निवृत्त झालेले हवालदार. रणगाड्यांचे मेकॅनिक, १९७१ला शकरगडच्या बाजूला होते. मॉडेल त्यांच्यासाठीच करत होतो, म्हणून खर्चाकडे बघितलं नाही. धातूचा पट्टा मागवला, महिनाभर कड्या घासल्या, संचाच्या कागदावर सांगितल्याप्रमाणे ओवल्या. वरच्या बाजूला असा सुंदर झोळ पडला की आम्ही स्वतःवर खूश झालो.

सेंच्युरियनच्या पट्ट्यावर बाहेरून पोलादी पत्रे असतात, वरचा अर्धा पट्टा त्यांनी झाकला जातो. ते बसवायच्या आधी हवालदारसाहेबांना दाखवावं म्हणून मॉडेल तसंच घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, मॉडेल तोंडाजवळ नेलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, काम लई नामी झालंय. पण ट्रॅक कोणी बांधला?"

"आम्हीच."

"एवढा ढिला ठेवला असता तर साहेबानं आम्हाला उभं सोललं असतं. वळताना उतरतो ना. रात्री शेतात ट्रॅक उतरला की काय होतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही."

आम्ही वाद घातला. सवयच ती. म्हटलं, पुस्तकातल्या फोटोंत झोळ दिसतो. ते म्हणाले, "दिसणारच. दिवसभर चालवला की ढिला पडतो. पिना झिजतात, भोकं झिजतात, ट्रॅक लांब होतो. पुढचं चाक सरकवून ताणायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर कडी काढायची. तुम्ही पण काढा की दोन कड्या. आम्ही तेच करायचो."

आम्ही ऐकत राहिलो. कड्यांची खरी संख्या कोणती, यावर आम्ही महिनाभर पुस्तकं चाळली होती. आणि इथे एक माणूस सांगत होता की खऱ्या रणगाड्यावर ती संख्या कायम नव्हतीच. नवा पट्टा, झिजलेला पट्टा, कडी काढलेला पट्टा, सगळे खरे. आम्ही शोधत होतो ती 'सेंच्युरियनची कड्यांची संख्या' कागदावरच होती. त्या गाडीची, त्या रात्रीची संख्या त्यांच्या हाताला ठाऊक होती. न्यायदर्शनात 'आप्त' कोणाला म्हणावं? ज्याला वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि जी जशी ठाऊक आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, त्याला. हे लक्षण ऋषीला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू पडतं, असं वात्स्यायनांनी भाष्यात स्पष्ट केलं आहे. आम्ही ते चाळीस वर्षं शिकवलं. त्यात मेकॅनिक बसतो हे त्या दिवशी उमगलं.

घरी आलो आणि अडलो. कारण पत्रे बसवले की वरचा पट्टा दिसणारच नव्हता. मग दोन कड्या काढायच्या कशाला? तार कापा, पुन्हा ओवा, रंग पुन्हा लावा, हा सगळा खटाटोप न दिसणाऱ्या झोळासाठी? आमच्या मुलाने तर सरळ विचारलं, "बाबा, कोणाला कळणार आहे?" प्रश्न रास्त होता. याच तर्काने बघितलं तर पत्रे असलेल्या सेंच्युरियनला महागडा पट्टा घेणंच चूक होतं. खालचा, पुढचा आणि मागचा भाग तेवढा दिसतो, त्याला पेटीतला पट्टा चालला असता. उलट व्हिएतनाममध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने सेंच्युरियनचे हे पत्रे काढून टाकले होते, कारण त्यांच्या आत चिखल आणि झाडोरा अडकून बसायचा. तो रणगाडा करायचा असेल तर वरचा पट्टा पूर्ण दिसतो आणि चांगल्या पट्ट्याचा पैसा वसूल होतो. रणगाडा एकच, पण उत्तरं दोन.

आम्ही कड्या काढल्या. कारण आमचं प्रयोजन आम्हाला तोवर कळलं होतं. हे मॉडेल स्पर्धेसाठी नव्हतं आणि फोटोसाठीही नव्हतं. एका माणसाने रात्री कंदील झाकून जे काम केलं, ते त्याला ओळखता यावं यासाठी होतं. त्याला ठाऊक असलेली गोष्ट पत्र्याआड खोटी ठेवून त्याच्या हातात द्यायची, हे मनाला पटेना. हा नियम सगळ्यांना लागू आहे असं आम्ही म्हणत नाही. मॉडेल कोणासाठी आहे ते ठरलं की किती खोलवर खरं राहायचं तेही ठरतं, एवढंच म्हणणं आहे.

निवडीचा क्रम

आता मॉडेलवाल्यांसाठी हिशोबाचं बोलू.

आधी ठरवा की मॉडेल कशासाठी आहे आणि रणगाडा काय करतो आहे: उभा आहे, धावतो आहे, की पट्टा तुटून पडला आहे. पट्टा तुटलेला दाखवायचा असेल तर हलणाऱ्या कड्या हव्यातच, तिथे धातूला तोड नाही.

मग पट्ट्याचा किती भाग दिसणार ते बघा. पत्रे, मडगार्ड, चिखल, बर्फ हे सगळं हिशोबात धरा. खालपासून वरपर्यंत चिखल लावायचा असेल तर कडीवरच्या बारीक अक्षरांसाठी पैसे मोजू नका.

त्यानंतर प्रकार आणि काळ ठरवा, शक्य तर एका विशिष्ट गाडीच्या छायाचित्रावरून. पट्ट्याची दिशाही त्यातच बघा, कारण बऱ्याच कड्यांना पुढचं-मागचं असतं. खऱ्या सैनिकांनी उलटे बसवलेले पट्टेही जुन्या छायाचित्रांत सापडतात, तेव्हा दुसऱ्याची चूक काढण्याआधी जरा थांबा.

चौथं, दहा कड्या ओवून त्या पेटीतल्या दातेरी चाकावर बसवून बघा. दात आणि भोकं जुळली नाहीत तर पुढचे दीडशे तुकडे ओवून काही उपयोग नाही. धातूच्या काही संचांत चाक सोबत मिळतं, त्याची चौकशी घेतानाच करा.

पाचवं, मॉडेलचे सांधे बघा. चाकांच्या प्लास्टिकच्या दांड्या बारीक असतील तर धातूच्या वजनाने चाकं आतल्या बाजूला कलतात. आधी ते सांधे पक्के चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग पट्टा चढवा. पुढचं ताणायचं चाक मात्र शेवटपर्यंत चिकटवू नका. झोळ त्याच्याकडूनच कमी-जास्त करायचा आहे, हवालदारसाहेब करायचे तसा.

शेवटी रंग. धातूचा पट्टा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, तेलकटपणा राहिला तर काळं करायचं द्रावण नीट धरत नाही. काळा झाला की जमिनीला टेकणारे उठाव आणि चाक घासतं ती आतली बाजू बारीक कागदाने हलकेच घासा. खाली खरा धातू उघडा पडतो आणि वापरातल्या लोखंडासारखा चमकतो. धातूचा हा एक गुण दुसऱ्या कशाला नाही. प्लास्टिकवर हीच चमक पेन्सिलीचं शिसं घासून आणता येते, आणि हातभर अंतरावरून फरक ओळखणं अवघड जातं.

दोन प्रश्न

एका श्रोत्याचा प्रश्न आहे: "पहिलंच मॉडेल आहे, काय घेऊ?" काहीही घेऊ नका. पेटीतला पट्टा लावा. वरची बाजू मधल्या चाकांना हलकेच चिकटवलीत की झोळाचा भास होतो. पहिल्या मॉडेलला पूर्ण होणं पुरेसं आहे.

दुसरा प्रश्न: "हवालदारसाहेबांची आठवण चुकीची असू शकत नाही का?" असू शकते. शब्दप्रमाणही तपासावंच लागतं. आम्ही नंतर छायाचित्रं पुन्हा बघितली. त्यांत ताठ पट्टेही होते आणि सैलही. आधी आमच्या डोळ्यांना फक्त सैल दिसत होते, कारण तेच बघायची सवय लागली होती. त्यांच्या बोलण्याने सगळं सिद्ध झालं असं नाही, पण काय बघायचं ते कळलं.

मॉडेल आता त्यांच्या घरी टीव्हीच्या शेजारी आहे. द्यायला गेलो तेव्हा दोन्ही बाजूंचे पत्रे बसवलेले होते. त्यांनी एका बाजूचे काढून ठेवायला लावले. म्हणाले, "पोरांना ट्रॅक दिसू द्या." ते पत्रे आमच्याकडे डबीत आहेत.